‘माहीत नाही’चा रकाना

मोजणीच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात निमतानदारांनी मला बजावलं होतं, जागेवर ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. अर्जदार समोर उभा, लगतचा खातेदार काठी टेकून बांधावर बसलेला, पटवारी सावली शोधतोय, आणि अशात मोजणीदार ‘इथं हद्द कुठं आहे ते माहीत नाही’ म्हणाला, तर संध्याकाळपर्यंत दोन डोकी फुटतात. विदर्भातल्या पाच तालुक्यांत चौतीस वर्षं मी हा नियम पाळला. बऱ्याच वेळा खोटेपणानं पाळला, हे आता निवृत्तिवेतन सुरू असताना कबूल करायला हरकत नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीनं मला क्यूजीआयएस नावाची फुकटची नकाशाप्रणाली लॅपटॉपवर टाकून दिली. सरावाला काहीतरी हवं म्हणून तिनं अमेरिकेची एक फाइल उतरवून दिली. तिचं नाव ‘प्रोटेक्टेड एरियाज डेटाबेस ऑफ द युनायटेड स्टेट्स’, थोडक्यात ‘पॅड-यूएस’. त्यांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं चालवलेला हा देशभराच्या राखीव जमिनींचा नकाशा. पहिली आवृत्ती २००९ची, चौथी २०२४ची. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानापासून एखाद्या गावातल्या घसरगुंडीच्या बागेपर्यंत आणि समुद्रातल्या राखीव पट्ट्यांपर्यंत सगळं त्यात आहे. पैसे नाहीत, अर्ज नाही, नकलेची फी नाही. आयुष्यभर नकलांचे अर्ज हाताळलेल्या माणसाला पहिला धक्का इथंच बसतो.

दुसरा धक्का रकान्यांचा. नकाशातल्या तुकड्यावर बोट ठेवलं की मालक कोण, कारभार कोणाकडे, राखण किती पक्की आणि आत जाता येतं का, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं सापडतं. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं चारच: खुलं, अटींसह खुलं, बंद आणि माहीत नाही. हा चौथा शब्द सरकारी कागदावर छापलेला पाहून मी लॅपटॉप बंद केला आणि चहा ठेवला. आमच्याकडे कोणी असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागवणारं पत्र आलं असतं.

राखणीचा रकानाही वाचण्यासारखा आहे. त्यात एक ते चार क्रमांक. एक म्हणजे कायमची राखण. वणवा, पूर यांनाही शक्यतो त्यांच्या मार्गानं जाऊ द्यायचं. दोन म्हणजे राखण कायमची, पण माणसाचा हात थोडा लागणार. तीन म्हणजे बहुतेक जमिनीचं रूपांतर होणार नाही, पण लाकूडतोड, खाणकाम चालू शकतं. चार म्हणजे राखणीचं लेखी बंधन कुठं सापडलं नाही. नुसतं हिरवं रंगवून मोकळं होता येत नाही, कोणतं हिरवं ते सांगावं लागतं. पहिल्या दोन क्रमांकांत त्या देशाची साधारण आठवा हिस्सा जमीन येते. तिसरा क्रमांक धरला की आकडा दुपटीच्या वर जातो. म्हणजे ‘आम्ही इतकं राखलं’ असं कोणी भाषणात सांगितलं तर ‘तीन धरून की सोडून?’ एवढं विचारायची सोय ऐकणाऱ्याला होते. २०३०पर्यंत तीस टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं उद्दिष्ट डिसेंबर २०२२मध्ये जगातल्या देशांनी मान्य केलं, त्यात आपणही आहोत. हा प्रश्न आपल्यालाही लवकरच पडणार आहे.

या सगळ्याचं मूळ एका पक्षीतज्ज्ञाकडे जातं. मायकेल स्कॉट यांनी हवाई बेटांवर धोक्यात आलेल्या रानपक्ष्यांचा वावर नकाशावर मांडला आणि त्यावर राखीव क्षेत्रांचा नकाशा ठेवला. पक्षी एकीकडे, राखीव क्षेत्रं दुसरीकडे. दोन्हींची गाठ जेमतेमच. मधली ही फट शोधायची म्हणून पुढं आयडाहो विद्यापीठातून मोठा उपक्रम उभा राहिला, आणि फट शोधायची तर राखीव जमिनींचा एकच नकाशा हवा, म्हणून हा साठा. पक्ष्यांमुळे जमिनीचा दफ्तरखाना लागला. आमच्या खात्यात महसुलाशिवाय दफ्तर लागल्याचं मला आठवत नाही.

वायोमिंग राज्य उघडलं तेव्हा मात्र मी तासभर नुसता बघत बसलो. राज्याच्या दक्षिण भागात बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन: एक सरकारी, एक खासगी, पुन्हा सरकारी. प्रत्येक चौकोन साधारण एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. एकोणिसाव्या शतकात रेल्वे टाकणाऱ्या कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौकोन बक्षीस दिले, त्याचा हा पट. मोजले गंटरच्या साखळीनं: ६६ फुटांची साखळी, ऐंशी साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयाच्या माळ्यावर अशीच एक गंजलेली साखळी होती. पितळी पताका सगळ्या चोरीला गेलेल्या.

दोन सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात शिवतात. मग एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात जायचं कसं? २०२१मध्ये मिसुरीतल्या चार शिकाऱ्यांनी एल्क पर्वताजवळ फोनवरच्या नकाशात कोपरा पाहिला, जमिनीवर मोजणीची खूण शोधली आणि तिच्यावर लोखंडी शिडी टाकून या चौकोनातून त्या चौकोनात उतरले. खासगी जमिनीला त्यांचा पाय लागला नाही. मालकानं दावा लावला, हवेतून का होईना, माझ्या हद्दीत शिरलात! खालच्या न्यायालयात तो हरला, आणि मार्च २०२५मध्ये तिथल्या दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानंही शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. शिकारीबद्दल मला ममत्व नाही. पण सरकारी जमीन कुठं सुरू होते हे साध्या माणसाला खिशातल्या फोनवर दिसतं, म्हणून तो कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि न्यायालयात उभा राहू शकतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट आणखी कोरडी आहे. त्या साठ्यात मालकीचे थर वेगळे आणि घोषणेच्या बाहेरच्या रेषेचा थर वेगळा. राष्ट्रीय वनाची हद्द म्हणून सरकारनं मोठं वर्तुळ काढलं, तरी त्यातली खासगी शेतं मालकीच्या थरात राखीव म्हणून धरत नाहीत.

आता आपल्याकडे या. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान ११६ चौरस किलोमीटरचं आहे, यावरून अंदाज यावा. माळढोकाला लागतो उघडा गवताळ माळ. या रेषेत गावं आली, बागायत आली, रस्ते आले. नान्नजच्या आसपासचा माळ आणि कोणाचा तरी उसाचा फड, दोन्ही कागदावर सारखेच अभयारण्य. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्यांसाठी हेलपाटे सुरू झाले आणि पक्षी म्हणजे सरकारी संकट असं शेतकऱ्याच्या मनात बसलं. कित्येक वर्षांनी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर महाराष्ट्रात माळढोक दिसणं ही वर्तमानपत्रातली बातमी झाली होती. पक्षी जायला इतरही कारणं आहेत, सगळा दोष रेषेवर टाकणार नाही. पण घोषणा एका थरात आणि प्रत्यक्ष राखता येणारा माळ दुसऱ्या थरात पहिल्या दिवसापासून वेगळे दाखवले असते, तर पाहिजे तो माळ तरी डोळ्यांसमोर राहिला असता.

विदर्भातलं झुडपी जंगल तर माझ्या रोजच्या भाकरीशी जोडलेलं. मध्य प्रांताच्या काळापासून महसुली कागदात ही नोंद: झाडं मोठी नाहीत, खुरटं झुडूप, गावची गुरं चरायला. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि नोंदही आमच्याबरोबर आली. १९८०चा वन संवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयानं कागदोपत्री जंगल म्हणून नोंदलेलं सगळं जंगलच धरा असं सांगितलं, आणि तोवर त्या तुकड्यांवर वस्त्या, शाळा, स्मशानं, सरकारी इमारती उभ्या राहिलेल्या होत्या. मे २०२५मध्ये न्यायालयानं ८६,४०९ हेक्टरचा निकाल दिला: झुडपी जंगल हे जंगलच, १९९६च्या आधीच्या वाटपाचं काय करायचं त्याची रीतही ठरवून दिली. निकाल मी दोनदा वाचला. मग नेहमीच्या खोडीनं नकाशा शोधायला बसलो. माझ्या तालुक्यातले ते तुकडे नेमके कोणते, हे रंगवून दाखवणारा नकाशा मला मिळाला नाही. महाभूनकाशावर गट नंबर टाकला की तुकड्याची आकृती येते. तो तुकडा जंगलात मोडतो का, हे ती आकृती सांगत नाही.

नव्वदीच्या दशकात अशाच एका तुकड्याच्या हद्दीसाठी मला पाठवलं होतं. एका बाजूला वनखात्याचा बुरुज, दगडांचा, चुना उडालेला. दुसऱ्या बाजूला आमचा गावनकाशा, सोळा इंचाला मैल या प्रमाणाचा. वनरक्षकाच्या हातात होता तो एकास पन्नास हजारचा. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. त्या रेघेच्या जाडीतच दोन माणसांची शेतं बसत होती. दोन नकाशांच्या मध्ये साडेतीन एकर उरले, ते दोघांच्याही हिशेबात बसत नव्हते किंवा दोघांच्याही हिशेबात होते, कसं बघाल तसं. बकऱ्या घेऊन आलेली एक म्हातारी सगळं ऐकत होती. म्हणाली, “मंग मी बकऱ्या कुठी चारू जी, साहेब?” मी नियम पाळला. हात करून ठामपणे एक दिशा दाखवली. ती दिशा कोणत्या आधारावर दाखवली ते मला आजही सांगता येणार नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. खात्यातले मित्र म्हणतात, असा नकाशा खुला केला की दलाल आधी बघतील. दलाल आजही बघतात, त्यांना दफ्तरातला माणूस माहीत असतो. बघत नाही ती म्हातारी. चळवळीतले लोक म्हणतात, नकाशावर हिरवा रंग चढला की आतल्या माणसांना बाहेर काढतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा अनुभव आदिवासी गावांइतका कोणाला नसेल. म्हणूनच २००६च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले सामूहिक हक्क त्याच नकाशात, त्याच ठळकपणे हवेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. कारभार कोणाकडे या रकान्यात तिथं ‘ग्रामसभा’ असं छापलेलं असायला हवं. कोकणातल्या आणि मावळातल्या देवराया तर कोणत्या रकान्यात बसवायच्या हाही प्रश्न आहे: मालक कोणी, राखणदार देव, आणि लेखी बंधन कुठंच नाही. अमेरिकन हिशेबानं क्रमांक चार. गावाच्या हिशेबानं क्रमांक एक, निदान परवापर्यंत.

तिसरा आक्षेप वकिलांचा: उद्या कोणीतरी हा नकाशा घेऊन न्यायालयात जाईल. पॅड-यूएसवर हे साफ लिहिलेलं आहे की ही कायदेशीर हद्द नव्हे, मोजणीची जागा हा नकाशा घेत नाही. तेवढी एक ओळ आपल्यालाही लिहिता येईल.

आणि थर तयारच नाहीत असंही नाही. २०२१मध्ये गतिशक्तीचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात रस्ते, रेल्वे, वनं असे कितीतरी थर एकावर एक चढवलेले आहेत. महामार्ग आखणाऱ्याला जंगल कुठं लागतं ते दिसतं. त्याच्या कामासाठी ते हवंच. माझं म्हणणं एवढंच की भूमी अभिलेख आणि वनखात्यानं एकत्र बसून, एका जिल्ह्यापासून का होईना, घोषणा, मालकी, कारभार, राखण आणि प्रवेश असे पाच रकाने सगळ्यांसाठी उघडे करावेत. आणि जिथं दोन खात्यांच्या रेषा जुळत नाहीत तिथं ओढूनताणून एक रेष काढू नये. दोन्ही दाखवाव्यात, मधला पट्टा राखाडी रंगवावा.

तोवर मी माझ्यापुरता एक तालुका घेतला आहे. जुने गावनकाशे, निस्तार पत्रकं, राजपत्रातल्या अधिसूचना, आणि आठवतात तेवढे बुरुज. रोज सकाळी दोन तास. बायको म्हणते, पगार होता तेव्हा एवढं काम केलं नाहीत. एकेका तुकड्यापुढं रकाने भरतो, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहितो. पहिल्या वेळेला हात अडखळला, आता सवय झाली आहे. त्या साडेतीन एकरांचा तुकडाही त्यात राखाडी रंगात आहे. गेल्या महिन्यात तिथं जाऊन आलो. चुना उडालेला बुरुज आता सापडत नाही, आणि मधून पांदण रस्ता गेला आहे.