माळ नंतर, खुराक आधी

२०३६चे ऑलिम्पिक भारतात व्हावे, यासाठीचे इरादापत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये रवाना झाले. ऑलिम्पिकचा विषय निघाला की एक हळहळ हमखास ऐकू येते : खेळात पैसा शिरला आणि ग्रीकांचा निर्मळ आदर्श बुडाला! तो आदर्श खरोखर तसा होता काय?

ऑलिम्पियात विजेत्याला रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे, हे खरे. पण अथेन्सला परतल्यावर सोलोनच्या कायद्याने ५०० द्राख्मा आणि नगराच्या खर्चाने जन्मभर भोजन! दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच नाही. शिवाय दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. तेवढा काळ ज्याच्या घरी निभावे, त्यालाच ते सोपे.

आपल्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला धाडण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गहाणखतावर सही करताना माणसाचा हात कसा थबकतो, हे मी बँकेत पुष्कळदा पाहिले आहे. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवताच राज्य सरकारने १ कोटी जाहीर केले.

ही रक्कम मात्र पदकानंतरची. जत्रेतले इनामही कुस्ती निकाली झाल्यावरच मिळते. मल्लाला दूध-बदाम वर्षभर लागतात. शाहू महाराजांनी हे ओळखूनच तालमींना आश्रय दिला. उद्या भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या पोराने धावायचे ठरवले, तर त्याच्या खुराकाचे काय? २०३६ची पदके मोजण्याआधी याचे उत्तर द्यावे लागेल.