बरे वाटले, म्हणून...

औषध ‘लागू पडले’ की ते बंद करायचे, हा आपल्या घराघरांतला जुना शिरस्ता. ताप उतरला, की बाटली फळीवर जाते. मी मराठीचा मास्तर. वैद्यकात माझी गती यथातथाच. पण नैराश्यावरच्या गोळ्यांना हा शिरस्ता लावला म्हणजे काय होते, ते मी आप्तांतच पाहिले आहे.

माझी मावसबहीण या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत पुन्हा हसू-बोलू लागली. लगेच वडीलधाऱ्यांनी फर्मान काढले, “आता बरी आहेस ना? मग कशाला सवय लावून घेतेस?” तिने गोळ्या एकाएकी सोडल्या. तीन दिवसांत चक्कर, मळमळ, झोप उडाली, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होऊ लागले. “पाहा, सवय लागलीच होती!” मंडळी म्हणाली.

डॉक्टरांनी समजावले, ही दारूसारखी चटक नव्हे. मेंदूने औषधाशी जुळवून घेतलेले असते. म्हणून मात्रा हळूहळू, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवायची. शिवाय बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचे, नाहीतर दुखणे उलटण्याचा धोका.

या गोळ्या सुरुवातीलाही धीर पाहतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र आधी येते. तरुणांना या काळात विशेष जपावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांच्या बाबतीत आत्महत्येच्या विचारांसंबंधी इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. मूल फार बेचैन दिसले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनीही आहे.

दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल, खोकल्याची काही औषधे यांचे या गोळ्यांशी जमत नाही. तेव्हा दुसरे औषध घेताना ही गोळी सांगावीच. मद्य टाळावे. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत. आणि दिवाळीत गावी निघण्यापूर्वी गोळ्या पुरतील ना, हे पाहावे.

रक्तदाबाची गोळी आपण पाहुण्यांदेखत, फराळाच्या ताटाशेजारी ठेवतो; ही मात्र साड्यांच्या घडीखाली लपते. लपवलेली गोळी हमखास चुकते. तिला ताटाशेजारी जागा देणे, एवढे तरी घरच्यांच्या हाती आहे.