मॅग्नेशियमचा रकाना कुठे आहे?



नुकती व्यालेली गाय गोठ्यात थरथरू लागली, कान फडफडवू लागली, दात खात झोकांड्या देत पडली, की आपल्याकडे एकच आरोळी उठते : "कॅल्शियमची बाटली आणा!" दुग्धज्वर असेल तर त्या बाटलीने गाय उठतेही. पण दुग्धज्वराची गाय अंगाने थंड पडते, मान कुशीकडे वळवून मुकाट बसून राहते. जिला झटके येतात, जी भांडे वाजले तरी दचकते, तिच्या रक्तातले मॅग्नेशियम तुटले असेल हा संशय आधी घ्यायला हवा. तिचे नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. आणि हा रोग वेळ देत नाही; डॉक्टर फाटकाशी पोचेपर्यंत दावे रिकामे झालेले असते.

हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी 1930 च्या सुमारास या रोगाचा उलगडा केला. कोवळे लुसलुशीत गवत, त्याला नत्र आणि पालाश भरपूर घातलेले. पालाश जास्त झाला की गाईच्या पोटात मॅग्नेशियम शोषलेच जात नाही. समोर हिरवागार चारा आणि गाय मात्र उपाशी! हाडांत मॅग्नेशियमचा साठा असतो, पण अडीनडीला तो पटकन सुटत नाही. रोजचे रोज वैरणीतूनच यावे लागते. आता हिशेब करा. लिटरभर दुधातून साधारण 0.12 ग्रॅम मॅग्नेशियम जाते. 20 लिटरची संकरित गाय रोज 2.4 ग्रॅम देऊन टाकते. खाल्ल्यापैकी अंगी लागते जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे नुसत्या दुधापायी तिला 12 ग्रॅम जादा खावे लागते. दूध घेणारा काय मोजतो? फॅट 3.5, एसएनएफ 8.5. गाईच्या अंगातून काय निघून गेले, याचा रकाना त्याच्या वहीत नाही.

मग आपली माती मॅग्नेशियमला मुकली आहे काय? आमचे काही कार्यकर्ते सभेत तसे ठोकून देतात. ते खरे नाही, आणि चुकीचे बोलून आपली बाजू लंगडी करू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या काळ्या जमिनीत मॅग्नेशियम सहसा भरपूर असते. उलट ताम्हिणीकडच्या धो धो पावसात डोंगरउताराच्या तांबड्या मातीतून ते धुऊन जाते. एकाच मुळशी तालुक्यात दोन तऱ्हा. तेव्हा तपासायला हवे. आणि नेमके तेच होत नाही! 2015 साली सरकारने मोठा गाजावाजा करून मृदा आरोग्य पत्रिका आणली. तीत बारा रकाने : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मॅग्नेशियम नाही. ज्या हरितद्रव्याने पान हिरवे होते त्याच्या गाभ्यातच मॅग्नेशियम बसलेले असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पत्रिका छापणाऱ्याला नसावे.

जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, की शेतकरी युरियाचे पोते फोडतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी भाव बघावेत. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद-पालाशची खते नियंत्रणमुक्त झाली, महागली. युरिया तेवढा सरकारी मुठीत स्वस्त राहिला. 2010 मध्ये अन्नद्रव्यांवर अनुदान द्यायचे ठरले, ते नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक या चौघांना. युरिया पुन्हा बाहेर. 2024 च्या खरिपाला मॅग्नेशियम मिसळलेली एक-दोन खते यादीत घेतली, तीही इतक्या वर्षांनी. अनुदानाची भीक आम्हाला नकोच आहे. पण सरकारने स्वतःच भावाचा काटा वाकवायचा आणि मग समतोल खतांवर आम्हालाच व्याख्यान द्यायचे, हे चालणार नाही.

गाईचे झाले, आता माणसाचे. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीनशे ते साडेचारशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत सव्वाशेच्या वर सापडते, बाजरीतही तेवढेच, नाचणीत थोडे अधिक. मुळशी हा आंबेमोहोराचा तालुका. बिनपॉलिशच्या तांदळात शंभर ग्रॅमला नव्वदच्या आसपास. पांढराशुभ्र करून आणला की वीस! बाकीचे गेले कोंड्यात. कोंडा राहिला गिरणीवाल्याकडे, तिथून तेल काढायला, तिथून पशुखाद्याच्या कारखान्यात. आणि आमच्याच भाताचा कोंडा पोत्यातून, भाव लावून, आमच्याच गोठ्यात परत. घरातली म्हातारी उखळात सडलेला तांदूळ खात होती तेव्हा तिला आम्ही मागास ठरवले होते.

ज्वारीची कथा याहून वाईट. ज्वारी म्हणजे माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा. ती शेतातून हटली की दोघांचीही ताटे एकदम बदलतात. तिला हटवले कोणी? अन्नसुरक्षा कायद्याने 2013 साली रेशनचे दर लावले : तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया. सर्वांत स्वस्त कोण, ते बघा. 2023 साली त्याच धान्याला 'श्री अन्न' म्हणून आरती ओवाळली. नावात 'श्री' आली, भावात आली नाही.

आमच्या महाळुंग्याचे बघा. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी इथे क्रीडासंकुल उभे राहिले, शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. भातखाचरांवर मनोरे झाले. त्या मनोऱ्यांखालच्या औषधाच्या दुकानात आज मॅग्नेशियमच्या गोळ्या मिळतात, झोप लागावी म्हणून, पायात गोळे येऊ नयेत म्हणून. डॉक्टरने रक्त तपासून दिल्या तर जरूर घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको. पण गोळीचा डबा शेकड्यांनी विकला जातो आणि ज्वारीच्या पायलीला घासाघीस होते, हे आम्हाला खुपते. उरल्यासुरल्या गोठ्यांना गायरान राहिले नाही. वैरण टेम्पोतून येते : उसाचे वाढे, भाताचा पेंढा. कडबा आला तर सणासारखा.

म्हणून या वेळच्या जिल्हा मेळाव्यात आम्ही ठराव मांडणार आहोत. मृदा पत्रिकेत मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे रकाने हवेत. तालुक्याच्या पशुदवाखान्यात रक्तातले मॅग्नेशियम तपासायची सोय हवी. आणि ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव हवा. तो मिळाला तर पेरा म्हणून आम्हाला कोणी सांगायला नको. गिरणीवाल्याशी मात्र आपले आपणच बोलू : कोंडा आमचा, तो घरी न्यायचा की विकायचा हे आम्ही ठरवू.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपली मृदा आरोग्य पत्रिका बरोबर आणावी. ज्यांना पत्रिका मिळालेलीच नाही त्यांनी गट नंबर लिहून आणावा. व्यालेली गाय झटके येऊन गेली असेल, तर वेत, दूध आणि त्या आठवड्यात घातलेली वैरण एका कागदावर मांडून आणा. हे सगळे कागद एकत्र करून कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.