भीमा-सीनेच्या बंधाऱ्यांत नदीतल्या जिवांचाही वाटा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय : कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे घालताना व काढताना नदीतील जीवसृष्टीचा विचार होण्याबाबत

महोदय,

भीमा आणि सीना या नद्यांच्या काठचे मच्छीमार, शेतकरी व पक्षिनिरीक्षक हे निवेदन सादर करीत आहेत. बंधारे नकोत, असे त्यांचे म्हणणे नाही. उजनी धरणातून भीमेत सोडलेले पाणी औजच्या बंधाऱ्यात अडले, म्हणूनच सोलापूर शहराने कितीतरी उन्हाळे काढले. प्रश्न आहे तो बर्गे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, कधी आणि कसे हलतात याचा.

पावसाळा सरला की बर्गे बसतात आणि वाहती नदी डोहांची रांग होऊन बसते. वरच्या अंगाला गाळ साचतो, जलपर्णी माजते. खालच्या अंगाला खडक उघडा पडतो. खळाळत्या पाण्यातल्या माशांना दोन्हीकडे थारा उरत नाही. साचलेल्या पाण्यात चिलापी मात्र फोफावते. उजनीच्या मच्छीमारांना हे वेगळे सांगायला नको. पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे वर निघतात. तोवर बर्गे निघाले नसतील तर हे मासे भिंतीच्या पायथ्याशी अडतात आणि तिथेच जाळ्यात सापडतात.

उन्हाळ्यातले नुकसान याहून मोठे, आणि ते कुणाच्या नजरेसही येत नाही. नदी सुरय हा पक्षी मार्च ते मे या काळात वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतला उथळ खळगा. त्यात दोन-तीन ठिपकेदार, वाळूच्याच रंगाची अंडी. धरणातून आवर्तन सुटून पाणी हातभर चढले की सारे वाहून जाते. उलट, बंधाऱ्याखालचे पात्र आटले तर बेट काठाला जोडले जाते आणि भटकी कुत्री चालत घरट्यापर्यंत येतात.

काठच्या मातीत अंडी पुरणाऱ्या लीथच्या मऊ पाठीच्या कासवाचीही हीच गत. 1872 मध्ये शास्त्राला या कासवाची ओळख झाली ती पुण्याच्या, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यातल्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त आहे. 2022 मध्ये वन्यजीव व्यापारावरच्या पनामातील परिषदेत भारतानेच पुढाकार घेऊन त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी मिळवली. ज्या जिवासाठी देश जगापुढे उभा राहिला, त्याच्या घरच्या नदीत त्याची साधी गणती तरी व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

नदी मोकळी झाली की जीव परततात, याचा दाखला अमेरिकेतील मेन राज्यात आहे. तिथे केनेबेक नदीवरचा एडवर्ड्स बंधारा 1999 मध्ये काढला आणि समुद्रातून येणारे मासे पुन्हा वर चढू लागले. इथे बंधारा पाडण्याची गरज नाही. वेळापत्रक बदलले तरी पुष्कळ साधेल.

म्हणून मागणी अशी की, बर्गे घातल्यावरही प्रत्येक बंधाऱ्यातून थोडी धार सतत वाहती ठेवावी. नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा, असे 2012 चे राष्ट्रीय जलधोरणच सांगते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याआधी सर्व बर्गे काढावेत आणि मासे चढत असताना भिंतीलगत जाळी लावू देऊ नयेत. मार्च ते मे दरम्यान आवर्तन सोडण्यापूर्वी वन विभागाने घरट्यांची पाहणी करावी, पाणी टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि बेटांवरचा वाळूउपसा पूर्ण थांबवावा. बंधाऱ्यांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मत्स्यमार्गाची तरतूद असावी. गावोगावच्या जैवविविधता समित्यांकडील लोक जैवविविधता नोंदवहीत नदीतल्या जिवांची नोंद मच्छीमारांना सोबत घेऊन व्हावी.

येत्या ऑक्टोबरात बर्गे बसण्यापूर्वी जलसंपदा, वन व मत्स्यव्यवसाय या तिन्ही विभागांची एकत्र बैठक आपल्या दालनात बोलवावी आणि निवेदनकर्त्यांनाही तिथे बाजू मांडू द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
भीमा व सीनाकाठचे मच्छीमार, शेतकरी व पक्षिनिरीक्षक

प्रत माहितीसाठी : अधीक्षक अभियंता, जलसंपदा विभाग, उपवनसंरक्षक, सोलापूर