चार कोटी अंकांचं करायचं काय?

आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला पाच हजार अंक छापले तरी आठ हजारांवर पानं भरतील. अशा बातमीला एक शेपूट हमखास असतं: आपले बँकेचे व्यवहार म्हणे अशाच संख्यांमुळे सुरक्षित राहतात. हे खरं नाही. असे व्यवहार जपणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए कूटलेखनात वापरायच्या मूळ संख्या साधारण तीनशे अंकी असतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर झालेली संख्या तिथे निरुपयोगीच. गणिताची बाजू मांडायला उपयोगाची खोटी साक्ष कशाला, खरी साक्ष जास्त भक्कम असताना?

ती साक्ष आहे संख्या पारखण्याच्या रीतीची. मूळ संख्या ओळखायची तर भागून पाहा, असं आपण शाळेत शिकतो. पण २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही, हे फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८७६ साली दाखवलं तेव्हा तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता! मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती बेधडक मूळ म्हणून नोंदवली होती. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये. म्हणजे अवयव आहेत हे कळणं एक आणि ते सापडणं वेगळंच. आरएसएचा भरवसा याच दरीवर आहे. बँकेशी नातं असलंच तर ते इथे. ल्युकांची रीत पुढे लेहमर यांनी सुटसुटीत केली. चारपासून सुरुवात करायची, वर्ग करून दोन वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. ३१ साठी ४, १४, ८, ० असा क्रम येतो. ठरलेल्या पायरीला शून्य आलं की संख्या मूळ, नाहीतर नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही रीत दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांपुरतीच चालते, म्हणून विक्रमही बहुतेक त्यांच्याच नावावर; उजेड आहे तिथेच शोधण्यातला हा प्रकार. मान्य. कानपूर आयआयटीच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये कोणत्याही संख्येला लागू पडणारी आणि तत्त्वतः जलद कसोटी दिली, तरी एवढ्या आकाराला ती प्रत्यक्षात पेलत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. ही विक्रमी संख्या शोधायला ल्यूक ड्युरँट यांनी सतरा देशांत पसरलेले संगणक राबवले. वीज जळली, पैसा गेला. तो पैसा त्यांचा होता हे उत्तर मला अपुरं वाटतं. खरं उत्तर गणितातच आहे. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सिद्ध केलं, पण दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या या घराण्यातल्या मूळ संख्या अनंत आहेत का, याची सिद्धता आजही नाही. त्या किती विरळ होत जातात याचे अंदाज मात्र गणितींनी बांधले आहेत, आणि ते ताडून पाहायला ज्ञात उदाहरणं आहेत अवघी बावन्न.