आयटी आणि आयटीआय

बरेच दिवसांनी लिहितोय. विषय घरचाच आहे, त्यामुळे ताई हे वाचणार आणि संध्याकाळी फोन येणार, हे गृहीत धरलंय :)

धाकट्या भाच्याची दहावी झाली. अडुसष्ट टक्के. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "मी आयटीआय करणार. फिटर." घरात एकदम शांतता. दाजी काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा सांगत होता. मग नेहमीप्रमाणे मला बोलावणं आलं. मी आयटीवाला, हिंजवडीत बसणारा, म्हणजे शिक्षणातलं मला कळतं असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे.

खरं तर या वेळी मला विचारायलाच नको होतं. सहा वर्षांपूर्वी थोरल्याच्या वेळी हाच प्रश्न आला होता आणि तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "आयटीआय कशाला? डिप्लोमाला घाला." सरकारी तंत्रनिकेतनात नंबर लागला नाही, म्हणून खाजगी. कुठलं ते राहू द्या. फीसाठी दाजींनी दोन वर्षं कांद्याचे पैसे घातले, उरलेलं सोसायटीचं कर्ज. पोरगं गणितात अडकलं, तीन वर्षांची चार झाली. आज तो म्हाळुंग्याला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत असेंब्ली लाइनवर उभा असतो. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला जी पोरं उभी असतात ती आयटीआयची. पगारात फरक जवळजवळ नाही. त्यांच्या डोक्यावर कर्ज मात्र नाही.

सल्ला माझा होता. हे मी आजवर घरात कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर या वेळी तोंड उघडण्याआधी जरा बघून यावं म्हटलं आणि भाच्याबरोबर तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा! राजगुरुनगरला आपण लग्नाला जातो, कोर्टाच्या कामाला जातो, हुतात्मा राजगुरूंच्या वाड्यावर पाहुण्यांना घेऊन जातो. ही इमारत कधी दिसलीच नव्हती.

फिटरच्या वर्कशॉपमध्ये रांगेने व्हाइस लावलेल्या. निदेशकांनी (तिथे 'सर'च म्हणतात) सांगितलं की सुरुवातीचे काही महिने पोरं मुख्यतः कानस चालवतात. लोखंडाची एक पट्टी घ्यायची, मार्किंग करायचं, पंच मारायचा, हॅकसॉने कापायची आणि मग घासत बसायचं. घासून झालं की ट्रायस्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं. पट्टी आणि स्क्वेअरच्या मधून उजेड दिसला तर परत घासा. एका पोराने माझ्यासमोर चार वेळा उजेड बघितला आणि चारही वेळा मान हलवून परत व्हाइसकडे गेला. त्याला कोणी रागावलं नव्हतं. मी बघत राहिलो. आमच्याकडे 'चलता है, रिलीज करून टाक' म्हणतात हो!

ही संस्था आली कुठून, हे आपण विसरलोय. केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली ती १९५० साली. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा, एमआयडीसी १९६२ची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच उभी राहिली होती, मग टेल्को, बजाज... आणि १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या चार ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली. पुढे महापालिका झाल्यावर तिने मोरवाडीला स्वतःची आयटीआय चालवली, कासारवाडीला मुलींसाठी वेगळी. महापालिकेने आयटीआय चालवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. गावाने आपल्या पोरांच्या हाताला काम शिकवायची जबाबदारी घेतली, असाच त्याचा अर्थ ना?

अमेरिकेत यालाच कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर पहिलं सरकारी कॉलेज सुरू झालं. तिथे वेल्डिंगही शिकता येतं आणि दोन वर्षं करून पुढे विद्यापीठातही जाता येतं. दिवसा काम करणारा माणूस संध्याकाळी वर्गात बसतो आणि चाळिशीच्या माणसाकडे कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. आपल्या यूजीसीनेही २०१३-१४च्या सुमाराला त्याच नावाची योजना आणली. नाव काय, कुठलंही देता येतं. तालुक्याला जी इमारत आधीच उभी आहे तिच्याकडे बघा, असं माझं म्हणणं.

आता दुसरी बाजू. नाहीतर दाजी म्हणतील, पुण्याला बसून बोलायला काय जातंय.

चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली आला. २००९मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ मर्सिडीज आणि महिंद्रा. नाणेकरवाडी, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, सावरदरी... जिथे बटाटा-कांदा व्हायचा तिथे शेड उभ्या राहिल्या. जमिनी गेल्या तेव्हा प्रत्येक घराला वाटलं की पोराला नोकरी मिळणार. पोराला मिळालं काय? 'ट्रेनी' हा शब्द. कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तो कायदा चांगलाच आहे. पण मध्यंतरी 'नीम' नावाची योजना होती, आता बंद झाली. तिच्या नावाखाली लाइनवर सरळ काम करून घेतलं जायचं आणि त्याला शिकणं म्हणायचं. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. आयटीआय किंवा पदविकावाल्याला महिना ८००० रुपये, सहा महिने. पुढे मुदत अकरा महिने केली. बाराव्या महिन्याचं काय, हे मला कोणी समजावून सांगेल का?

म्हणून 'आयटीआय केला की चाकणला नोकरी पक्की' हे वाक्य मला खोटं वाटतं आणि आयटीआयचा बचाव मी त्यावर करणारही नाही. कारखान्याला हवी तेवढी माणसं पुरवायची एवढंच जर या संस्थेचं काम असेल, तर मंदी आली की ती ओस पडेल. खेडच्या आयटीआयने खेडसाठी असलं पाहिजे. ट्रॅक्टर आहे, पंप आहे, कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर आहे. इथून जवळच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून हा माणूस पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन राहिला. शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वीज, शेती, घर-आरोग्य असं सगळं एकत्र, हाताने करून शिकवलं. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. तिथून बाहेर पडलेला मुलगा 'जागा आहे का?' विचारत फिरण्याऐवजी गावातच वर्कशॉप काढू शकतो. आमच्या तालुक्याच्या आयटीआयने यातलं अर्धं जरी उचललं तरी पुष्कळ.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. मलाही त्या दिवशी सरांनी सांगितली. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे थोरल्याला जो जिना मी बाहेरून, कर्ज काढून चढायला लावला, तो आतून होताच! हाताला सवय लागलेली असती, यंत्र ओळखीचं झालं असतं, कदाचित गणितही इतकं परकं वाटलं नसतं. कदाचित हं. पोरगं गणितात माझ्यावर गेलंय.

त्या थोरल्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र माझ्याकडे उरलाच आहे. त्याला पीएलसी शिकायचंय. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सरकारी ठिकाणी, परवडणाऱ्या फीत, त्याच्या शिफ्टशी जुळेल असा वर्ग अजून सापडलेला नाही. खाजगी क्लास चाकण चौकात फ्लेक्स लावून बसलेत. एका क्लासने सांगितलेला आकडा ऐकून तो गप्प घरी आला.

धाकट्याचा ऑनलाइन अर्ज भरून झालाय. पहिला पसंतीक्रम फिटर, मग मशिनिस्ट, मग इलेक्ट्रिशियन. गुणवत्ता यादी लागायची आहे. दाजी अजून फारसे बोलत नाहीत, पण परवा आळंदी फाट्यावरून येताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "तो निळा ड्रेस शिवून घ्यायचा असतो का, की तिथेच देतात?"

मला माहीत नव्हतं. उद्या फोन करून विचारतो.