व्हॅनला व्हॅनच राहू द्या

माजी सैनिक बांधवांनो आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या मित्रांनो, हे वाचून काही जण रागावतील. रागवा, पण गाडी वर्कशॉपला द्यायच्या आधी वाचा.

माझी पोस्टिंग सध्या हेब्बाळला आहे. बाहेर बेळ्ळारी रोड, वर फ्लायओव्हर, आणि संध्याकाळी सहानंतर दोन किलोमीटर जायला कंटाळा यावा अशी गर्दी. अशा जागी राहून माणसाला लांब, मोकळ्या रस्त्याची स्वप्नं पडणारच. आमच्याकडे पेन्शनला आलेल्यांत सध्या एकच खूळ आहे: मारुतीची ईको किंवा जुनी ओम्नी घ्यायची, तिची कॅम्पर करायची आणि एकट्याने हिंडायचं.

खूळ चांगलं आहे. वीस-बावीस वर्षं बराकीत रांगेतल्या खाटेवर झोपायचं, शेजारच्याचं घोरणं ऐकायचं, शिटी वाजली की उठायचं. अशा माणसाला चार रात्री कुणीच शेजारी नको असेल, तर घरच्यांनी ‘एकटाच कशाला?’ म्हणून तोंड पाडू नये. रोज रात्री गाडी कुठे लावली ते फोनवर सांगितलं की पुरे.

माझं भांडण आहे ते कॅम्परच्या नावाखाली जे विकलं जातं त्याच्याशी. आमच्या एका हवालदाराला इथल्या एका वर्कशॉपने साडेचार लाखांचा अंदाज दिला. छप्पर कापून उंच करणार, सिंक, शंभर लिटरची टाकी, आत गॅसची शेगडी, भिंतभर कपाटं, मागे शॉवर. घोड्यापेक्षा खोगीर महाग! हा पैसा ग्रॅच्युइटीचा आहे. मुलीची फी, गावाकडच्या घराचा स्लॅब, सगळं त्याच थैलीतून निघायचं आहे.

पैसा एक वेळ सोडा, कायद्याचं काय? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेपासून आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. रीतसर मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हा वेगळा मानक आहे, तो आपल्या पुण्याच्या एआरएआयने छापलेला. छप्पर कापणाऱ्या त्या मालकाला मी या मानकाचं विचारलं, तर तो म्हणाला, ‘सर, कुणी विचारत नाही.’ अपघात झाला की इन्शुरन्सवाला विचारतो, आणि तेव्हा हा मालक फोन उचलत नाही.

वजनाचा हिशेब एमटीतल्या माणसाला सांगायची गरज नसावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. अठरा एमएम प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर जाते. ईको बारा फुटांची अरुंद, उंच गाडी. तिच्या खांद्यावर कपाटं टांगून आंबोलीच्या वळणांवर घालायची?

आणि गॅस. बंकरात बुखारी पेटवून दार गच्च लावू नका, हे आपल्याला किती वेळा ऐकवलं गेलं! कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. बंद व्हॅनमध्ये शेगडी पेटवणं किंवा एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं हे तेच आहे.

मग करायचं काय? नियम सोपा: पान्याने निघेल आणि पान्याने परत बसेल तेवढंच. ग्राइंडर हातात आला की थांबा. (सीट काढून ठेवणार असाल तर तेही आधी आरटीओत विचारा.) माझ्या ईकोत मागे एका उंचीच्या दोन काळ्या ट्रंका आहेत. होय, त्याच, नाव-नंबर रंगवलेल्या. त्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेल्या, वर बारा एमएम प्लायच्या तीन फळ्या, त्यावर गादी. फळी कापण्याआधी आत झोपून माप घ्या. सहा फुटी माणसाला तिरकं झोपावं लागतं. खिडक्यांना चुंबकाने चिकटणारी मच्छरदाणी, कारण हेब्बाळच्या तळ्याकाठचे डास कुणालाही रँक विचारत नाहीत. वीस लिटरचा जेरीकॅन, एक टॉर्च, मेस टिन, छोटी शेगडी. शेगडी गाडीबाहेर, नेहमी. सोमवारी ट्रंका उतरवल्या की गाडी पुन्हा भाजी आणायला मोकळी.

ही काही माझी अक्कल नाही. १९५१ च्या सुमारास जर्मनीच्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला, तो असाच काढता-घालता येणारा होता. जर्मनीत तैनात असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या मागणीवरून सुरुवात झाली असं सांगतात. ज्या गाड्यांचे फोटो दाखवून आज लाखो रुपये मागतात, त्यांचा आजोबा म्हणजे एक लाकडी पेटी.

खर्च करायचाच असेल तर ब्रेक, टायर आणि बॅटरीवर करा. नोकरीत असाल तर २०२१ पासून आलेली बीएच मालिका घ्या; बदली झाली की राज्याराज्यात नोंदणी आणि टॅक्सचा फेरा वाचतो.

त्या हवालदाराला मी गेल्या महिन्यात माझ्या फळ्या उसन्या दिल्या. तो रिंग रोडने तुमकूर रोडला लागला आणि चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला जाऊन आला. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले, त्यांची समाधी तिथे आहे. ज्यांच्या जहागिरीत आपण नोकरी करतो त्यांच्या समाधीला इथल्या किती मराठी फौजींनी हात जोडले असतील? रात्र त्याने पेट्रोल पंपावर काढली, पंपवाल्याला विचारून. अंदाजपत्रक आता त्याच्या ट्रंकेच्या तळाशी कागद म्हणून अंथरलंय.

राहिला संडासाचा प्रश्न, तो सगळेच विचारतात. पंपावर आहे, ढाब्यावर आहे, आणि रानात गेलात तर फावडं कसं धरायचं हे तुम्हाला मी शिकवायला नको.